शूची जागा : न सांगितलेला इतिहास

(आमच्या केंद्रावरून झालेलं भाषण, छापण्यासाठी थोडं वाढवून)

माढ्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज कमी करतील, हे आम्हांला ठाऊक आहे. समोर सासरे बसले असतील तर करा कमी. पण बंद करू नका.

गेल्या महिन्यात बाळंतिणीच्या आहारावर बोललो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर एका आजींचा फोन आला. डिंकाच्या लाडवांबद्दल विचारलं, हळिवाबद्दल विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता त्या हळूच म्हणाल्या, "बाई, नातू बसूनच मुततो. पाच वर्षांचा झाला. उभा राहिला की चड्डी भिजते. सून म्हणते, मोठा झाला की सुधारेल. सुधारतं का हो?"

आम्ही डॉक्टर नाही. आमच्यात दोन आशाताई आहेत, एक निवृत्त नर्सबाई आहेत, एक शाळामास्तरीण आहे आणि बाकीच्या घर-शेत सांभाळणाऱ्या. आजींना त्या दिवशी एवढंच सांगितलं की आपोआप सुधारत नाही, पण सुधारता येतं. मग वाटलं, एवढ्यावर भागणार नाही. माणसाला हे केव्हा कळलं, कोणी दुरुस्त करायला सुरुवात केली, आणि आपल्यापर्यंत ते यायला इतका वेळ का लागला, हे नीट शोधून सांगायला हवं. नर्सबाईंची जुनी पुस्तकं उघडली. एक गोष्ट दुसरीकडे घेऊन गेली, दुसरी तिसरीकडे. ते सगळं आज तुमच्यासमोर ठेवतोय.

आधी आजींच्या नातवाचं काय आहे ते समजून घेऊ. आईच्या पोटात सहा आठवड्यांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांची शूची जागा अगदी एकसारखी असते. सातव्या आठवड्याच्या आसपास मुलाच्या पोटात अंडगोळ्या तयार होऊ लागतात. त्यांच्यातून पुरुषाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, झरायला लागतं आणि मग बाहेरचा अवयव मुलासारखा घडत जातो. त्याच्या खालच्या बाजूला आधी एक उघडी चीर असते. आपण करंजीची कड एका टोकापासून दाबत आणतो ना, तशी ही चीर मागून पुढे मिटत येते. चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला ती टोकापर्यंत मिटली की लघवीची नळी पूर्ण झाली. कधी कधी करंजी अर्धीच दाबली जाते. मग लघवीचं भोक टोकाला न येता खाली, मध्यावर, किंवा पार मुळाशी राहतं. धार खाली पडते, अवयव वाकतो. याला डॉक्टर हायपोस्पेडियास म्हणतात. शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ खालच्या बाजूची चीर असाच काहीसा. दर दोनशे ते तीनशे मुलांमागे एकाला हे असतं. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या मोठ्या गावात असं एक तरी पोर असणारच. आईनं ग्रहणात काय चिरलं, कुठल्या देवाचं करायचं राहिलं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे दिसत होतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीजाच्या एखाद्या भागात दोष आला की बाळाच्या त्या त्या अवयवात दोष येतो, असा विचार मांडलेला आहे, आणि पुरुषाच्या व स्त्रीच्या घडणीत राहणाऱ्या उणिवांना वेगळी नावंही दिलेली आहेत. सुश्रुतसंहितेत मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया आहे, मूत्रमार्गात घालायच्या सळया आहेत. पण जन्मतः राहिलेली नळी कशी जोडावी, हे मात्र तिथे नाही. तिकडे युरोपात तरी काय होतं? साधारण दुसऱ्या शतकात ग्रीक शल्यवैद्य हेलिओडोरस आणि अँटिलस यांनी सांगितलेला उपाय असा होता की, भोकाच्या पुढचा भाग कापून टाकावा, म्हणजे भोक आपोआप टोकाला येईल. ऐकून अंगावर काटा येतो. आणि पुढे हजार-दीड हजार वर्षं याहून फारसं बरं काही कोणाला सुचलं नाही.

सुचायला सुरुवात झाली, त्याची एक वाट आपल्या पुण्यातून जाते. गोष्ट नाकाची आहे, पण थोडा धीर धरा.

टिपू सुलतानाशी इंग्रजांची लढाई चालू असताना कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा एक बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच होता. मग १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा-मडकी घडवणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक करून त्याचा आकार कपाळावर आखला, कपाळाची तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांच्या मधे ती जोडलेलीच ठेवली. मग ती वळवून नाकाच्या जागी बसवली. जोडलेल्या देठातून रक्त येत राहिलं, म्हणून कातडी जगली. इंग्रज डॉक्टरांनी हे स्वतः पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट ती हकीकत छापून आली. त्या वैद्याचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. कावसजीचं नाव राहिलं, चित्र राहिलं, हात ज्याचा होता तो विसरला गेला. आम्हांला याचं फार वाईट वाटलं.

त्या लेखामुळे युरोपातल्या सर्जनांना हुरूप आला. लंडनच्या कार्प्यूनं १८१४ मध्ये ते ऑपरेशन करून पाहिलं. बर्लिनचे डीफेनबाख नाकं करण्यात नावाजले, आणि त्यांनीच १८३८ मध्ये लघवीच्या नळीला हात घातला. त्यांनी टोकापासून भोकापर्यंत आरपार छिद्र पाडून त्यात नळी ठेवली. आतून कातडी धरेल, असा त्यांचा अंदाज होता. यश आलं नाही. १८७४ मध्ये पॅरिसच्या दुप्ले यांनी तिथल्याच कातडीची गुंडाळी करून नळी शिवण्याची पद्धत मांडली, आणि तिथून खरी गाडी रुळावर आली. लंडनच्या मुलांच्या इस्पितळातले डेनिस ब्राउन यांनी १९४९ मध्ये आणखी एक पद्धत दिली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डकेट यांनी १९८० मध्ये टोकावरची सैल कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट सोडवून, खाली वळवून तिची नळी केली. नाकाच्या गोष्टीतला देठ आठवला का? तेच सूत्र. १९९४ मध्ये अमेरिकेतल्याच स्नॉडग्रास यांनी जी पद्धत छापली, ती आज बऱ्याच ठिकाणी पहिली पसंती असते. नळीच्या जागी जी पट्टी असते तिला मधोमध हलकी चीर देऊन ती रुंद करायची आणि मग गुंडाळून शिवायची.

इथे एक गोष्ट अधोरेखित करून सांगतो, आणि आमच्या मुसलमान मैत्रिणींनी ती खास ऐकावी. टोकावरची ती सैल कातडी या ऑपरेशनात शिवणीच्या कापडासारखी उपयोगी पडते. म्हणून भोक खाली असलेल्या बाळाची सुंता आधी करायची नाही. आधी डॉक्टरांना दाखवायचं. ते ऑपरेशनातच दोन्ही गोष्टी करून देतात. एकदा कातडी काढून टाकली की सर्जनच्या हाताशी कापड उरत नाही.

कापड उरलंच नाही, किंवा दोनतीन ऑपरेशनं फसली, तर काय? याचं उत्तर १९४१ मध्ये लंडनच्या हम्बी यांनी एका मुलावर करून दाखवलं होतं. गालाच्या आतलं अस्तर घेऊन त्याची नळी करायची. तोंडात सदा ओल असते, म्हणून ते अस्तर लघवीच्या ओलीलाही टिकतं. हे तंत्र अर्धं शतक जवळजवळ विसरलं गेलं आणि मग जगभर परतलं. आक्रसलेल्या मूत्रमार्गाची लांबच लांब दुरुस्ती या अस्तरानं करण्याची एक पद्धत आज 'कुलकर्णी टेक्निक' या नावानं ओळखली जाते. ते कुलकर्णी म्हणजे पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी. पुण्याहून निघालेली कातडीची विद्या दोनशे वर्षांनी अशी पुण्याला परतली, असं म्हणायचा मोह होतो. इतिहास एवढा सरळ नसतो, पण मोह होतो खरा. आणि जाता जाता : मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी गाल आतून खराब झालेला असेल, तर ते अस्तर कामाचं राहत नाही. घरातल्या बाप्यांना सांगा. आपल्यातल्या मिश्रीवाल्यांनीही ऐकून ठेवा.

आता दुसरी गोष्ट, अंडगोळीची. आमच्यातल्या एकीचा अनुभव आधी सांगतो. त्यांच्या नातवाला आंघोळ घालताना पिशवीत एकच गोळी हाताला लागायची. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, उतरेल हळूहळू. एका ठिकाणी दाखवलं तर तिथेही सांगितलं, दहा वर्षांचा होऊ द्या, मग बघू. नऊ वर्षं अशीच गेली. ऑपरेशन झालं तेव्हा गोळी बोराएवढी, सुकलेली निघाली. एक चांगली आहे, मुलगा ठीक आहे. पण आजी अजून म्हणतात, आंघोळ मीच घालत होते, मला दिसत होतं.

अंडगोळ्या पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत खाली पिशवीत उतरतात. एका दोरासारख्या पट्ट्याच्या आधारानं त्या खाली येतात, हे लंडनच्या जॉन हंटर यांनी १७६२ मध्ये दाखवलं. वर अडकलेली गोळी खाली आणून पिशवीत टाके घालून बसवायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १८७७ मध्ये एडिंबरोच्या अ‍ॅनंडेल यांनी एका तीन वर्षांच्या मुलावर केलं. नऊ महिने भरून जन्मलेल्या दर शंभर मुलांपैकी साधारण तिघांची गोळी उतरलेली नसते. त्यातल्या बऱ्याच पहिल्या सहा महिन्यांत आपल्या आपण उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. पोटातली ऊब गोळीला सोसत नाही. म्हणून आता दीड वर्षाच्या आत ऑपरेशन उरकावं असं सांगतात. उशीर झाला तर पुढे मूल होण्यात अडचण येते, आणि गोळीच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. स्वीडनमध्ये असं ऑपरेशन झालेल्या जवळपास सतरा हजार पुरुषांची माहिती तपासून २००७ मध्ये छापली गेली. तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांना हा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता, तेराच्या पुढे झालेल्यांना पाचपटीहून जास्त. हा कॅन्सर मुळात दुर्मीळ, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण दहा वर्षांचा होऊ द्या, असं कोणी म्हटलं तर हे आकडे लक्षात ठेवा.

आणखीही प्रकार आहेत, ते भरभर सांगतो. लघवीच्या नळीत जन्मतः पडदा असतो, धार न येता थेंब थेंब गळतात, आणि मागे साचून मूत्रपिंडं खराब होतात. हे फक्त मुलांना होतं, पाच ते आठ हजारांत एकाला, आणि पहिल्या काही दिवसांत पकडलं तर दुर्बिणीनं पडदा फोडता येतो. मूत्राशयच पोटावर उघडं असणं हे त्याहून दुर्मीळ, तीस ते पन्नास हजारांत एक. दोन शिश्नं असलेलं बाळ तर पन्नास-साठ लाखांत एखादं.

आता थोडं आपल्या बाजूचं. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी ऑपरेशन म्हटलं की मिरज. डॉ. वानलेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशन इस्पितळ बांधलं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली, मग पंढरपूरला गेली, आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. माढा तालुक्यातला माणूस कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसला की थेट मिरज. मुतखडा, मोतीबिंदू, पोटातली गाठ, सगळं घेऊन माणसं गेली. पण लेकराच्या शूच्या जागेसाठी कोणी गाडीत बसल्याचं आमच्या घरांत कोणाच्या आठवणीत नाही. ते दुखणं म्हणून मोजलंच जात नव्हतं. सुईण बघायची, आईच्या कानात सांगायची, आई लुगड्याच्या पदरात बांधून ठेवायची. सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालय झालं ते १९६३ मध्ये. मुलांची शस्त्रक्रिया हा वेगळा विषय आपल्या देशात तेव्हा कुठे उभा राहत होता. बालशल्यचिकित्सकांची देशपातळीवरची संघटना १९६५ ची. त्या पिढीनंतरच्या मोठ्या नावांत एक बाई आहेत, हे आवर्जून सांगायला हवं : डॉ. स्नेहलता देशमुख. मुंबईच्या शीव रुग्णालयात त्या लहान मुलांच्या सर्जन होत्या, पुढे तिथल्याच अधिष्ठाता झाल्या आणि १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. २०२४ मध्ये त्या गेल्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही एवढी तयारी केली, ती.

बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या राजेगावात १९८८ मध्ये एक मूल जन्मलं. पाहणाऱ्यांना मुलगी वाटली. नाव ठेवलं ललिता. मुलगी म्हणून शाळा झाली, पुढे महिला शिपाई म्हणून पोलिसांत नोकरी लागली. नोकरीत असताना शरीरात काही वेगळं जाणवलं म्हणून डॉक्टर गाठले, आणि तपासण्या होता होता कळलं की गुणसूत्रं पुरुषाची आहेत. डॉक्टरांनी नंतर वर्तमानपत्रांना समजावून सांगितलं ते असं की, अवयव जन्मापासून पुरुषाचेच होते, पण अपुरे वाढलेले. म्हणून ते बाळ मुलगी समजलं गेलं. म्हणजे करंजीची तीच कड, फार मागेच दाबायची राहिलेली.

सप्टेंबर २०१७ मध्ये ललितानं शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. नोव्हेंबरमध्ये नकार आला. पोलिसांत पुरुषांची आणि बायकांची उंचीची अट वेगळी, महिला म्हणून भरती झालेल्याला पुरुष म्हणून कसं ठेवणार, असा तो पेच. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं गेलं. सरकारदरबारी खल झाला आणि मे २०१८ मध्ये परवानगी मिळाली. २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात, डॉ. रजत कपूर यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. काम टप्प्याटप्प्यानं दोनेक वर्षं चाललं. ललित साळवे या नावानं ते पुन्हा पोलिसात रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या घरी बाळ आलं.

मथळ्यांत सगळीकडे 'लिंगबदल' असं छापून आलं होतं. आम्हांला तो शब्द तेव्हाही खटकला. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बदल काही केलाच नव्हता. राहिलेलं काम पुरं केलं, तेही तिशीच्या उंबरठ्यावर. ज्यांनी रजेच्या अर्जावर नकार लिहिला त्यांनाही दोष देऊन काय उपयोग, तीस वर्षांपूर्वी न्हाणीघरात जे पाहिलं गेलं त्याचाच कागद पुढे पुढे सरकत आला होता.

शरीराच्या आत काय चाललेलं असतं, हे शास्त्राला कळायलाही वेळच लागला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, हे नक्की झालं १९५६ मध्ये. वाय गुणसूत्र असलं की अंडगोळी घडते, हे १९५९ मध्ये. त्याआधी १९४७ मध्ये फ्रान्सच्या अल्फ्रेड जोस्त यांनी सशांच्या गर्भांवर प्रयोग करून दाखवलं होतं की अंडगोळी दोन कामं करते. एक, पुरुषाचे अवयव घडवते. दुसरं, गर्भाशय तयार होऊ देत नाही. दुसरं काम चुकलं तर काय होतं, ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २०१९ मध्ये दिसलं. मूल होत नाही म्हणून २९ वर्षांचा एक गृहस्थ आला. दोन्ही गोळ्या उतरलेल्या नव्हत्या. त्या खाली आणायला म्हणून पोट उघडलं, तर आत गर्भाशय. डॉ. व्यंकट गिते यांच्या चमूनं ते काढलं आणि गोळ्या जागेवर बसवल्या. साऱ्या जगात अशा सुमारे दोनशेच नोंदी असल्याचं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो माणूस बाहेरून पूर्ण पुरुष होता आणि पुरुषच आहे. लहानपणी पिशवी रिकामी आहे हे कोणाच्या हाताला लागलं असतं, तर? आम्ही हा प्रश्न आपापसांत बराच वेळ घोळवत बसलो.

यातले काही प्रकार आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडे चाल आहे. तशा घरांत दोन्हीकडून एकच दोष येण्याची शक्यता वाढते. आत्याच्या सुना झालेल्या आमच्यातही आहेत, म्हणून बोट दाखवत नाही, पण माहीत असलेलं बरं.

ललित यांच्या अगदी उलट गोष्ट नाशिकची. तिथल्या एका तरुणीनं २०१८ ची पोलीस भरती दिली, निवड झाली. वैद्यकीय तपासणीत कळलं की गर्भाशय नाही आणि गुणसूत्रं पुरुषाची. नोकरी अडली. ती म्हणाली, मला यातलं काही माहीत नव्हतं, मी जन्मापासून मुलगी म्हणून जगले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं आदेश दिला आणि तिला पोलीस दलात शिपाईपदाखेरीज दुसऱ्या कामावर घ्यायला सांगितलं. आता बघा, दोघांच्या रिपोर्टात मूळ ओळ जवळजवळ सारखी. एकानं पुरुष म्हणून जगायचं ठरवलं, एकीनं बाई म्हणून. म्हणून ऑपरेशन कोणतं आणि केव्हा, हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. भोक खाली आहे, गोळी वर आहे, पडदा आहे, याला लहानपणीच हात घालावा. पण मुलगा की मुलगी हेच ठरत नसेल, तर घाईनं कापाकापी करू नये, मूल मोठं होऊन स्वतः सांगेपर्यंत थांबावं, असं मानणारे आता पुष्कळ आहेत. मद्रास उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये अशा तान्ह्या बाळांवर लिंग ठरवणाऱ्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं आणि तमिळनाडू सरकारनं तसा आदेश काढला. डॉक्टरांमध्ये यावर मतभेद आहेत. आम्हांला थांबण्याची बाजू पटते.

थांबायचं म्हणजे तपासायचं नाही, असं मात्र नाही. बाळ मुलासारखं दिसतंय, पण दोन्ही गोळ्या हाताला लागत नाहीत, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते बाळ खरं तर मुलगी असू शकतं. अशा काही बाळांच्या शरीरातलं मीठ कमी होत जातं, दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, बाळ मलूल पडतं आणि दगावूही शकतं. १९५० पासून यावर औषध आहे. वेळेत कळलं तर बाळ वाचतं.

आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या वेळी लंगोट सोडून दाखवा. त्या लाजत नाहीत, तुम्हीही लाजू नका. धार कुठून येते, जोरात येते का, गोळ्या दोन लागतात का, एवढंच बघायचं असतं. गोळ्या बघायच्या तर कोमट पाण्यानं आंघोळ घालताना बघा, गार हात लागला की त्या वर पळतात. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीची गाडी येते, २०१३ पासूनची ही योजना आहे, पण वर्गात सगळ्यांसमोर चड्डी कोण काढणार? डॉक्टरांना बाजूला घेऊन आईनंच सांगायला हवं.

आणि खर्च. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर होता. आता तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत, भोक खाली असण्याचं ऑपरेशनही आहे. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर घ्या, रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला आधी भेटा. एका ऑपरेशनात भागेलच असं नाही. दोनदा जावं लागलं, मधे टाक्यातून लघवी गळली, तरी घाबरून मधेच सोडू नका.

त्या आजींना आम्ही पुन्हा फोन केला. पाच वर्षं म्हणजे उशीर झाला का, असं त्यांनी विचारलं. दीड वर्षाच्या आत झालं असतं तर मुलाला आठवलंही नसतं, पण अजून वेळ गेलेली नाही, पुढल्या वर्षी पहिलीत बसायच्या आत करून घ्या, असं नर्सबाईंनी सांगितलं. सून आधी फोनवर यायला तयार नव्हती. मग आली. तिनं एकच विचारलं, "तिथं बाईडॉक्टर असतात का? मला बोलायला जमंल का?" येत्या मंगळवारी ती मुलाला घेऊन सोलापूरला सिव्हिलमध्ये जाणार आहे. कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं. आमच्यातल्या नर्सबाई तिच्याबरोबर जाताहेत.